नसलेला पाय का दुखतो?



गेल्या महिन्यात शनिवारची आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एक वहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांचे यजमान व्हीलचेअरवर थोडे लांब, खिडकीपाशी बसले होते. मधुमेहामुळे चार महिन्यांपूर्वी त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नावे देत नाही, ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत, आणि लिहायला दोघांचीही परवानगी घेतली आहे.

वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, एक विचारू का? हसणार नाही ना? ह्यांचा पाय दुखतो. म्हणजे जो नाहीये, तो. रात्री अंगठा जळतो म्हणतात. मुलाला सांगू देत नाहीत. तो म्हणेल बाबांना भ्रम व्हायला लागला.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “तो काढलेला पाय हॉस्पिटलनं काय केला, आम्ही विचारलंच नाही. काही विधी राहून गेला, म्हणून तर होत नसेल ना?”

रांगेत उभे राहून देण्यासारखी ही उत्तरे नव्हती. त्यांना मी बाजूला नेऊन जे सांगितले, तेच आज जरा सविस्तर लिहितो आहे. आपल्या मंडळींमध्ये मधुमेह किती आहे हे मी या पानावर अनेकदा लिहिले आहे, आणि या देशात पाय काढावा लागण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह आणि त्यासोबत येणारा रक्तवाहिन्यांचा आजारच आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त त्या एका घरातला नाही.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. ती वेदना खरी असते. तो भ्रम नव्हे, वेड नव्हे, आणि राहून गेलेल्या विधीशी तिचा संबंध नाही. ती वेदना तुटलेल्या नसा, पाठीचा मज्जारज्जू आणि मेंदू या तिन्हींतून मिळून तयार होते.

आता एक कबुली. १९८१ साली मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात इंटर्न होतो. लोकलमधून पडून पाय गेलेला एक विशीतला मुलगा आमच्या वॉर्डात होता. रात्री दोन वाजता तो हाक मारायचा, “डॉक्टर, अंगठा पिरगाळलाय, कुणीतरी सरळ करा हो.” चादरीखाली त्या जागी काहीच नव्हते. दोन रात्री मी त्याला समजावले. तिसऱ्या रात्री, सलग तीस तास जागा असल्याने असेल, मी त्याच्यावर खेकसलो, “पायच नाही तर दुखेल कुठून? झोप आता.” आणि झोपेचे इंजेक्शन लिहून दिले. त्यानंतर त्याने मला पुन्हा कधी हाक मारली नाही. वॉर्डमधले एक वयस्कर मामा मात्र रात्री त्याच्या खाटेशी जाऊन, रिकाम्या जागी हात फिरवून, “हा बघ, केला सरळ” असे म्हणत. मला तेव्हा तो अडाणीपणा वाटला होता. मुलगा मात्र त्यानंतर कधी कधी झोपायचा. फँटम वेदना हा शब्द मी पाठ्यपुस्तकात वाचला होता, परीक्षेत त्यावर चार ओळी लिहिल्याही होत्या. समोर रुग्ण आला तेव्हा त्या चार ओळी मला आठवल्या नाहीत.

हे दुखणे नवीन नाही. सोळाव्या शतकातल्या आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने त्याची नोंद करून ठेवली आहे. इंग्लंडचा आरमारप्रमुख नेल्सन १७९७ साली टेनेरीफच्या लढाईत उजवा हात गमावून बसला, आणि नसलेल्या हाताची बोटे त्याला जाणवत राहिली. हात गेला तरी हाताचे अस्तित्व उरते, मग शरीर गेल्यावर आत्मा का उरू नये, असे तो म्हणे, अशी गोष्ट सांगतात. मंदिराच्या वार्तापत्रात मी त्या वादात शिरत नाही! पण पाय गेलेल्या माणसाचा विचार आपल्या परंपरेलाही परका नाही. ऋग्वेदात युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय दिल्याचा उल्लेख आहे.

‘फँटम लिंब’ हे नाव मात्र याच देशात, फिलाडेल्फियात जन्मले. सायलस वेअर मिचेल हे तिथले मज्जासंस्थेचे डॉक्टर. यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी टर्नर्स लेन येथे खास रुग्णालय होते, तिथे ते काम करत. हात-पाय काढलेल्या सैनिकांपैकी जवळजवळ प्रत्येकाला गेलेला अवयव जाणवतो, हे त्यांच्या लक्षात आले. पण लगेच शास्त्रीय निबंध लिहायचा धीर त्यांना झाला नसावा, असे मला वाटते. कारण पहिल्यांदा, १८६६ साली, त्यांनी ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात लेखकाचे नाव न देता एक कथा छापली. दोन्ही हात, दोन्ही पाय गमावलेल्या जॉर्ज डेडलो नावाच्या सैनिकाची ती आत्मकथा. कथेच्या शेवटी भुतांना बोलावण्याच्या बैठकीत त्याचे कापलेले पाय येतात आणि तो क्षणभर त्यांच्यावर चालतो, इतकी ती उघड कल्पित होती. तरी वाचकांना ती खरी वाटली. लोकांनी त्या बिचाऱ्यासाठी वर्गणी गोळा केली आणि काही जण त्याला भेटायला फिलाडेल्फियातल्या रुग्णालयात जाऊन पोहोचले! पुढे १८७१ साली मिचेल यांनी स्वतःच्या नावाने लेख लिहिला आणि त्यात ‘फँटम लिंब’ हे नाव दिले.

‘फँटम’ म्हणजे भूत. नाव लोकांच्या जिभेवर बसले, पण माझ्या मते त्याने रुग्णांचे नुकसानच केले. भूत म्हटले की खरे नाही, असाच अर्थ मनात येतो.

तीन गोष्टींत फरक करायला हवा, कारण घरात त्यांची सरमिसळ होते. पहिली, गेलेला अवयव नुसता जाणवणे. पाय आहे, बोटे हलताहेत, मोजा घातल्यासारखे वाटते. हे जवळजवळ सर्वांना होते. त्यात दुखत नसेल तर उपचारांची गरज नाही. काळजी मात्र घ्यावी, कारण झोपेत उठून माणूस तो पाय जमिनीवर टेकवायला जातो आणि पडतो. काहींना तो पाय हळूहळू आखूड होत गेल्यासारखा वाटतो, शेवटी पाऊल थेट गुडघ्यालाच चिकटले आहे असे भासते. दुसरी, फँटम वेदना. जळणे, विजेचा झटका, सुई टोचणे, बोटे आवळली जाणे, नख तळव्यात रुतणे. अवयव काढलेल्या दहापैकी सहा ते आठ जणांना ती कधी ना कधी होते. बहुतेकांना शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांतच सुरू होते आणि बऱ्याच जणांची काळाबरोबर कमी होते, पण सगळ्यांची नाही. तिसरी, उरलेल्या भागाचे म्हणजे स्टंपचे दुखणे. तिथे जखम, जंतुसंसर्ग, हाडाचे टोक किंवा कृत्रिम पायाचे न बसणारे सॉकेट असे डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे कारण असू शकते. एकाच माणसाला दुसरी आणि तिसरी एकत्र असतात, आणि बऱ्याचदा एक दुसरीला चिथावते. म्हणून रुग्णाला विचारताना “दुखतंय का?” एवढेच विचारू नये. “कुठे दुखतंय, आहे तिथे की नाही तिथे?” असे विचारावे. हा प्रश्न विचित्र वाटेल, पण रुग्णाला तो लगेच कळतो.

आता कारणांकडे वळू. दारावरच्या बेलचे उदाहरण घेतो. बटण दाराबाहेर असते, वायर भिंतीतून जाते आणि बेल आत स्वयंपाकघराजवळ वाजते. आतल्या माणसाला वाटते दारात कुणी आले. समजा, दुरुस्तीत बटण काढून टाकले आणि वायरीची उघडी टोके तशीच लोंबत ठेवली. टोके एकमेकांना चिकटली की बेल वाजणार, आणि आतला माणूस दार उघडायला धावणार. दारात कुणी नाही, पण बेल मात्र खरोखर वाजली. पाय काढतो तेव्हा आपण बटण काढतो. वायर शिल्लक असते आणि बेलही.

पहिला बिघाड वायरीच्या टोकाशी होतो. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसा शस्त्रक्रियेत कापाव्याच लागतात. कापलेली नस मरत नाही, ती पुन्हा वाढू पाहते. जायला जागा नसल्याने तिचे कोवळे तंतू गुंता होऊन तिथेच गोळा होतात. त्या गाठीला न्यूरोमा म्हणतात. त्यातले तंतू कुणी न छेडताही संदेश पाठवत राहतात. दाबले, थंडी लागली, आणि माणूस चिडला किंवा घाबरला की रक्तात वाढणारी रसायने तिथे पोहोचली, की अधिकच पाठवतात. मिनेसोटातल्या किंवा आपल्या न्यू जर्सीतल्या जानेवारीत दुखणे का वाढते, आणि घरात भांडण झाले की का वाढते, याचे उत्तर इथे आहे. भांडणाने वेदना वाढते म्हणजे ती मानसिक, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

पण सगळा दोष गाठीचा असता तर गाठ बधिर केल्यावर वेदना थांबली असती. काहींची थांबते, अनेकांची थांबत नाही. म्हणून पुढची जागा पाहावी लागते. संवेदना नेणाऱ्या नसांच्या पेशींची मूळ घरे पाठीच्या कण्यालगत, मज्जारज्जूच्या अगदी जवळ असतात. टोक कापले गेल्यावर त्या पेशी स्वतःही बेचैन होऊन संदेश सोडू लागतात. २०१४ साली अल्बेनिया आणि इस्राएलमधल्या डॉक्टरांनी पाय गेलेल्या रुग्णांमध्ये कण्याजवळ, या पेशींच्या आसपास बधिर करणारे औषध दिले, तेव्हा फँटम वेदना काही काळ थांबली. ‘सगळे मेंदूत आहे’ असे मानणाऱ्यांना यामुळे पुन्हा विचार करावा लागला.

तिसरी जागा मज्जारज्जू. खालून सतत संदेशांचा मारा झाला की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात. मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वर पाठवला जातो. पाय काढण्यापूर्वी ज्यांनी महिनोन् महिने वेदना सोसली, त्यांना नंतर फँटम वेदनेचा त्रास अधिक होतो असे पुष्कळदा दिसते. कधी कधी दुखण्याची जागा आणि जातही तीच असते. वहिनींच्या यजमानांचा अंगठाच आधी काळा पडला होता, आणि आता जळतो तोही अंगठाच. यावरून असे सुचले की शस्त्रक्रियेच्या आधीपासून पाठीत एपिड्युरल देऊन वेदना थांबवली तर पुढचे संकट टळेल. १९८८ सालच्या एका छोट्या अभ्यासाने आशा दाखवली, पण १९९७ साली डेन्मार्कमध्ये ६० रुग्णांवर काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात दीर्घकाळचा फायदा आढळला नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना नीट आटोक्यात ठेवावीच, त्यासाठी डॉक्टरांशी बोलावे, पण नंतर फँटम वेदना झाली तर “आधी काही केले असते तर” म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये.

चौथी जागा मेंदू, आणि इथली कथा अजून चालू आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जणू नकाशा असतो. हाताचा एक प्रांत, पायाचा एक, चेहऱ्याचा एक. गंमत म्हणजे चेहऱ्याचा प्रांत हाताच्या शेजारी असतो. चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे सॅन डिएगोच्या विद्यापीठात काम केलेले डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या सुमारास एका हात गेलेल्या तरुणाच्या गालावर कापसाची काडी फिरवली. त्याला स्पर्श गालावर जाणवला आणि नसलेल्या हातावरही! रिकाम्या पडलेल्या प्रांतात शेजाऱ्याने अतिक्रमण केले, असे त्यांचे म्हणणे. १९९५ साली जर्मनीतल्या हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे अतिक्रमण जितके मोठे, तितकी फँटम वेदना जास्त. अनेक वर्षे आम्ही डॉक्टर हेच शिकलो आणि शिकवले.

मग २०१३ साली ऑक्सफर्डच्या टॅमर मेकिन यांनी उलटे चित्र मांडले. रुग्णांना नसलेला हात हलवायला सांगितला, तेव्हा मेंदूतला हाताचा प्रांत जागच्या जागी, चांगला कामात दिसला. २०२५ साली त्यांच्याच चमूने तीन रुग्णांचे मेंदू हात काढण्यापूर्वी आणि नंतर, एकाचा तर पाच वर्षांपर्यंत, तपासले. नकाशा जवळजवळ तसाच होता. म्हणजे घर रिकामे झाले नव्हते, शेजारी घुसला नव्हता, घरमालक आतच बसून होता. मी जे तीस वर्षे छातीठोकपणे सांगत आलो, त्यातले काही मला आता मागे घ्यावे लागते आहे. वैद्यकात हे होते. पण रुग्णाच्या दृष्टीने या संशोधनातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पाय गेला तरी मेंदूत पाय असतो. “माझा पाय मला जाणवतो” असे म्हणणारा माणूस आपल्या मेंदूची खरी बातमी सांगत असतो.

जन्मतः हात किंवा पाय नसलेल्या काही जणांनाही तो अवयव जाणवतो. कॅनडातले वेदनातज्ज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी यावरून मांडले की शरीराचा आराखडा मेंदूत जन्मतःच बराचसा तयार असतो. मेंदू पायाला हुकूम सोडतो, “हल.” पाय नाही, त्यामुळे उत्तर येत नाही. डोळे सांगतात तिथे काही नाही. हुकूम आणि उत्तर जुळत नाही, आणि ही विसंगती वेदना म्हणून जाणवत असावी, असा एक तर्क आहे. तो पूर्ण सिद्ध झालेला नाही. पण याच तर्कातून एक साधे साधन आले, ते म्हणजे आरसा.

रामचंद्रन यांनी खोक्यात उभा आरसा लावला. रुग्ण धडधाकट हात आरशासमोर ठेवतो, दुसरा भाग आरशामागे लपतो. आरशात पाहिले की दोन्ही हात असल्यासारखे दिसतात. चांगल्या हाताची मूठ उघडली की नसलेल्या हाताची घट्ट मिटलेली मूठही उघडताना दिसते, आणि काहींना ती तशी जाणवतेही. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वॉर्डमधले ते मामा आठवले.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर याची चाचणी झाली, ती २००७ साली छापून आली. २२ रुग्ण होते, त्यांचे तीन गट केले. एका गटाला आरसा, दुसऱ्याला कापडाने झाकलेला आरसा, तिसऱ्याने डोळे मिटून नुसती कल्पना करायची. रोज १५ मिनिटे, चार आठवडे. आरशाच्या गटातल्या सहाच्या सहा जणांची वेदना कमी झाली, झाकलेल्या आरशाच्या गटात फक्त एकाची. आकडे लहान आहेत, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढे यश आलेले नाही. तरी स्वस्त, निरुपद्रवी आणि घरी करता येणारा उपाय म्हणून मी तो आधी सुचवतो.

पायासाठी करायचे ते असे. खुर्चीवर किंवा पलंगावर पाय पसरून बसावे. अंगभर उंचीचा आरसा दोन पायांच्या मधे आडवा उभा करावा, काचेची बाजू चांगल्या पायाकडे. उरलेला भाग आरशामागे पूर्ण झाकला जावा. मग चांगल्या पायाचा घोटा, बोटे सावकाश हलवावीत आणि आरशात पाहत मनाने दुसराही पाय तसाच हलवावा. घाई करू नये. दोन्ही पाय गेले असतील तर हा उपाय तसाच चालत नाही, त्यासाठी फिजिकल थेरपिस्टला विचारावे. चक्कर आली, वेदना वाढली तर थांबावे. आणि पहिल्या दिवशी शेजारी कुणीतरी असावे. आपला गेलेला पाय पुन्हा समोर दिसला की भल्याभल्यांना रडू येते.

औषधांबद्दल थोडेच लिहितो, कारण ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची. गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन ही नेहमीची नावे. काहींना चांगला गुण येतो, पण पुरावा मिश्र आहे. मधुमेहाने किडनी कमजोर असेल तर गॅबापेंटिनचा डोस कमी करावा लागतो. गुंगी येते, आणि एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला गुंगी म्हणजे पडणे. अमिट्रिप्टिलिनने वयस्कर पुरुषांची लघवी अडू शकते. शेजाऱ्याच्या बाटलीतली गोळी घेऊ नका, एवढेच सांगतो. अफूवर्गीय गोळ्या दीर्घकाळ घेण्याच्या मी विरोधात आहे. या देशाने त्याची किंमत पाहिली आहे.

अलीकडे नस नुसती कापून सोडण्याऐवजी तिचे टोक जवळच्या स्नायूच्या छोट्या नसेला जोडून देतात. शिकागोत टॉड क्युकेन आणि ग्रेगरी ड्युमॅनियन यांनी ही पद्धत कृत्रिम हात चालवण्यासाठी काढली होती, आणि वेदनाही कमी होते असे नंतर ध्यानात आले. वायरीच्या उघड्या टोकाला पुन्हा काहीतरी काम दिले, असे समजा. २०१९ साली छापलेल्या चाचणीत २८ रुग्णांमध्ये फायदा दिसला. घरात कुणाचा पाय काढण्याचे ठरले असेल आणि वेळ असेल, तर सर्जनला शस्त्रक्रियेआधीच विचारावे, “नसांचं तुम्ही काय करणार?” हा प्रश्न विचारायला संकोच नको.

स्टंपला हलके चोळणे, वेगवेगळ्या कापडांचा स्पर्श देणे, योग्य पट्टी बांधणे आणि कृत्रिम पाय वापरणे यांनीही बऱ्याच जणांना आराम पडतो. भारतात आई-वडील असतील त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते आहे, आणि लष्करातल्यांसाठी पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण दरवर्षी जयपूर फूटसाठी देणगी देतात, चांगलेच आहे. पण पाय मिळालेल्या माणसाला रात्री झोप लागते का, हे फारसे कुणी विचारत नाही.

कधी लगेच डॉक्टरांकडे जावे? बरी असलेली फँटम वेदना एकाएकी वाढली, स्टंप लाल, गरम झाला, ताप आला, पू आला, किंवा त्वचेवर नागिणीचे फोड उठले, तर “ते नेहमीचंच” म्हणून बसू नका. नव्या आजाराची पहिली हाक कधी कधी त्या नसलेल्या पायातून ऐकू येते.

वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. काढलेला अवयव इथली रुग्णालये सहसा पॅथॉलॉजीत तपासतात आणि नियमांनुसार दहन करतात. ज्यांना तो हवा असेल त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे लागते. मी आपल्या गुरुजींनाही विचारले. ते म्हणाले, मनाला शांती वाटावी म्हणून प्रार्थना जरूर करावी, पण राहिलेल्या विधीचा दोष वेदना म्हणून येतो असे मानू नये. ही शंका काही आपल्याकडेच नाही. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतही जुन्या काळी नसलेल्या हाताची बोटे दुखू लागली की पुरलेला हात उकरून त्याची बोटे सरळ करून पुन्हा पुरत असत. माणूस वेदनेला कुठे ना कुठे कारण शोधतोच.

वहिनींच्या यजमानांना त्या शनिवारीच भेटलो. मी विचारले, “काका, आहे तिथे दुखतं की नाही तिथे?” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पंधरा मिनिटे बोलले. चार महिन्यांत हे कुणाशीच बोलले नव्हते. मुलालाही आम्ही बोलावून घेतले. तो चिडला, पण वडिलांवर नाही. “बाबा, मला सांगायचंत ना,” एवढेच म्हणाला. आरसा घरी नेऊन आज तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी काका रडले. जळणे अजून आहे. अंगठा मुरगळणे मात्र बरेच कमी झाले आणि रात्री सलग चार तास झोप लागते, असे वहिनी सांगतात.

आता विनंती. मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कृत्रिम पायाचा साधारण ८० टक्के खर्च मिळतो, पण व्हिजिटर व्हिसावर आलेल्या किंवा ग्रीन कार्डला पाच वर्षे न झालेल्या बहुतेक आई-वडिलांना मेडिकेअर नसते. अशा दोन कुटुंबांसाठी सेवा समितीने निधी सुरू केला आहे, जमेल तेवढी मदत करावी. पैशांइतकीच गरज वेळेची आहे. फिजिकल थेरपीला गाडीने नेणारे आणि आठवड्यातून एकदा आरशासमोर १५ मिनिटे शेजारी बसणारे स्वयंसेवक हवे आहेत. मराठी बोलता येणे एवढीच पात्रता. ॲम्प्युटी कोअलिशन ही राष्ट्रीय संस्था अवयव गमावलेल्या अनुभवी माणसाची भेट घडवून आणते, पण ती भेट बहुधा इंग्रजीत होते. आजोबांना इंग्रजी येत असले तरी रात्री दोन वाजताचे दुखणे ते मराठीतच सांगतात.

आणि घरात अंगभर उंचीचा, न वापरातला आरसा असेल तर आणून द्यावा. काच तडकलेली नसावी, चौकट असावी किंवा कडा टेपने झाकलेल्या असाव्यात, आणि वजन एका माणसाला उचलता येईल इतकेच असावे. मंदिराच्या ऑफिसशेजारच्या खोलीत ठेवावा, वर ‘सेवा समिती’ अशी चिठ्ठी लावून.